मदत हवी आहे : अंध, कर्णबधिर गिऱ्हाइकांना आमच्या ऑनलाइन दुकानात स्वतःहून खरेदी करता यावी म्हणून काय काय बदलू?

कुळागर

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याजवळ राहते. घरचं लहानसं कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग आहे. आई, वहिनी आणि मी मिळून गेली चार वर्षं पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवून ठेवायचं सामान ऑनलाइन विकतो : कोकमाची सोलं, आगळ, फणसाची साटं, काजू आणि काणकोणहून आणलेली खोला मिरची. वेबसाइट ओळखीच्या एका मुलाने तयार थीम घेऊन करून दिली. दिसायला छान आहे, आणि मे महिन्यात पावसाआधीच्या ऑर्डरी बऱ्यापैकी येतात.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना पाव किलो मिरचीचं एक पाकीट हवं होतं, घरी सहा पोचली. मला आधी वाटलं, त्यांच्याकडूनच चूक झाली असणार. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की ते पूर्ण अंध आहेत, मोबाइलवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय लावून खरेदी करतात, आणि आमच्या पानावर लागोपाठ तीन बटणं येतात, तिन्ही वेळा फोन नुसतं ‘बटण’ एवढंच बोलतो. त्यांनी मधलं दाबलं, काहीच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, परत दाबलं. ते नग वाढवण्याचं अधिकचं चिन्ह होतं. फोटोवर बोट गेलं की ‘आयएमजी’ आणि पुढे आकड्यांची रांग वाचून दाखवायचा. म्हणजे कॅमेऱ्याने फाइलला दिलेलं नाव जसंच्या तसं.

मी म्हटलं, पुढच्या वेळी मलाच फोन करा, मी ऑर्डर लिहून घेईन. त्यावर ते म्हणाले, “ताई, बाजारात जाऊन चार वस्तूंतून एक निवडायची मला सवय आहे. फोनवर तुम्ही जे सांगाल तेच घ्यावं लागतं.”

हे वाक्य डोक्यातून जात नाही. आपण दुकान मांडलं आणि काही माणसांना दारातच उभं केलं, असं वाटत राहतं. जास्तीची पाच पाकिटं मी परत मागवली नाहीत, पैसे परत केले. पण प्रश्न पैशांचा नाही.

वेबसाइट करणाऱ्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणतो, एक विजेट मिळतं, कोपऱ्यात माणसाचं चिन्ह येतं, वर्षाचे पैसे भरले की साइट आपोआप ‘अ‍ॅक्सेसिबल’, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशी होते. शिवाय, “असे गिऱ्हाईक असून असून किती असणार?” हेही त्याने विचारलं, आणि कायदा फक्त सरकारी साइटना आहे असंही म्हणाला.

तर जाणकारांनी सांगावं : विजेट घ्यावं का? नाहीतर कुठून सुरुवात करावी? मला कोडिंग येत नाही, पण मजकूर, फोटो, किमती मीच भरते. आणि जे मला डोळ्यांनी दिसतं ते न दिसणाऱ्याला कसं लागतं, हे मी तपासू कशी?

—

सांजवारा

मी स्वतः अंध आहे, म्हापशात राहतो, रोजचं सगळं काम एनव्हीडीए (संगणकावरचा स्क्रीन रीडर) आणि टॉकबॅक (अँड्रॉइड फोनवरचा) यांवर करतो. विजेट घेऊ नका. माझ्या फोनमध्ये माझा स्क्रीन रीडर आधीच आहे, माझ्या सवयीच्या वेगावर लावलेला. त्यावर तुमचं विजेट आणखी एक आवाज, आणखी चार बटणं आणून ठेवतं, आणि ज्या बटणाला नाव नाही ते तसंच बिननावाचं राहतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका विजेट कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले, कारण कुठलीही साइट आपोआप सुलभतेच्या निकषांत बसवतो हा तिचा दावा खोटा ठरला.

तपासायचं कसं, ते सांगतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक सुरू करा. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती उघडते. बंद कसं करायचं ते आधी शिकून घ्या, नाहीतर घाबरायला होतं. मग फोनवर रुमाल टाका आणि स्वतःच्या दुकानातून एक पाकीट मिरची विकत घ्या, पैसे भरेपर्यंत. जिथे अडाल तिथे मीही अडतो. संगणकावर एनव्हीडीए फुकट मिळतं.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. फोटोंना पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडर फोटोच्या जागी वाचतो ते वर्णन, लिहा, पण ‘कोकम फोटो’ असा नको. डोळस माणूस त्या फोटोत काय बघून वस्तू घ्यायची की नाही ठरवतो, ते लिहा. ‘सुकवलेली अख्खी सोलं, गडद जांभळी, वरून मिठाचा हलका थर, पाव किलोचं चेनवालं पाकीट.’ मला एवढं पुरतं. फक्त शोभेसाठी ठेवलेल्या नक्षीला मात्र पर्यायी मजकूर रिकामा सोडायचा, म्हणजे स्क्रीन रीडर तिला ओलांडून जातो.

खोडलेली किंमत हा एक मोठा घोळ. तुम्हाला ४५० वर रेघ आणि शेजारी ३८० दिसतं. बहुतेक स्क्रीन रीडर ती रेघ सांगतच नाहीत, मला ‘चारशे पन्नास तीनशे ऐंशी’ असं सलग ऐकू येतं. त्याजागी ‘आधीची किंमत’, ‘आताची किंमत’ असे शब्द हवेत. संपलेला माल नुसता फिकट करून दाखवत असाल तर तिथेही ‘सध्या उपलब्ध नाही’ असं लिहा.

चवथीच्या सवलतीचं पोस्टर लावता ना? त्यातला सगळा मजकूर चित्रात असतो, मला त्यातलं अक्षरही कळत नाही. तोच मजकूर खाली टाइप करा. प्रेसमधून केलेलं पीडीएफ दरपत्रक असेल तर त्यातला एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं असेल तर अगम्य चिन्हं उमटतील. माझा फोन तेच वाचतो.

आणि एक गोष्ट त्या मुलाकडून करून घ्या. मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली हवी. तयार थीममध्ये ती इंग्रजी राहून जाते, मग इंग्रजी आवाज देवनागरी गिळतो किंवा भलतंच काही बोलतो. कोकणी मजकुराला कोकणीची खूण वेगळी असते.

—

तिसवाडी

माझा भाऊ कर्णबधिर आहे. वेबसाइट बघायला, वाचायला त्याला काहीच अडचण नाही. अडचण नंतर सुरू होते. पैसे घरी माल आल्यावर द्यायचे असतील तर दुकानदार खात्रीसाठी फोन करतो. भाऊ फोन उचलणार कसा? दोनदा उचलला नाही की ऑर्डर रद्द. हे त्याच्या बाबतीत कितीतरी दुकानांत झालंय. ऑर्डरच्या फॉर्मवर ‘मला फोन नको, मेसेज करा’ अशी एक खूण ठेवा आणि कुरियरच्या लेबलवरही तेच छापा. फॉर्मवरच हे विचारलं, तर त्याला आपली कहाणी कुणाला सांगत बसावी लागत नाही. बाकी तुमचे सोलकढीचे वगैरे व्हिडिओ असतील तर बोलण्याच्या ओळी खाली लिहिलेल्या हव्यात. आपोआप येणारी मराठी उपशीर्षकं जशीच्या तशी सोडू नका, एकदा वाचून दुरुस्त करा.

—

पायवाट

मी वेबसाइटचंच काम करतो, थोडी तांत्रिक बाजू मांडतो.

वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांचं नाव डब्ल्यूसीएजी. सध्याची आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची. तीन पातळ्या आहेत, मधली ‘डबल ए’ धरून चाला. तुमच्या दुकानासाठी सगळ्यात आधी बटणांना नावं, फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला कायमचं लेबल, आणि माल टोपलीत गेला की ‘एक पाकीट जोडलं, एकूण एक’ असं स्क्रीन रीडरने आपणहून बोलणं, एवढं करून घ्या. पुण्याच्या त्या काकांची सहा पाकिटं याच तिसऱ्या गोष्टीअभावी झाली. रकान्यात फिकट अक्षरांत ‘पिनकोड लिहा’ असतं, त्याला लेबल समजू नका. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. पिनकोड चुकला तर नुसती लाल चौकट नको, काय चुकलं ते शब्दांत हवं.

रंगांबद्दल : अक्षर आणि मागचा रंग यांच्यातलं प्रमाण किमान ४.५ : १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १, यावरून अंदाज घ्या. मिरचीचा तिखटपणा हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवत असाल तर शेजारी ‘मध्यम’, ‘जहाल’ असे शब्दही द्या, सगळ्यांना ते रंग वेगळे दिसत नाहीत. संगणकाचा माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने पैसे भरण्यापर्यंत जाता येतं का, आणि आपण कुठे आहोत ती चौकट दिसत राहते का, हे पाच मिनिटांत कळतं. पुष्कळ थीम ती चौकट ‘वाईट दिसते’ म्हणून काढून टाकतात.

कायद्याचं त्या मुलाला सांगा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू, आणि त्यातलं कलम ४६ सेवा पुरवणारे सरकारी असोत वा खासगी, दोघांबद्दल बोलतं. भारतीय मानक ब्यूरोचं याच विषयावरचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला केवायसीचा होता, दुकानांचा नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे.

—

सांजवारा

‘असे गिऱ्हाईक किती’ याबद्दल. २०११ च्या जनगणनेत एकट्या गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांगांची नोंद झाली, देशात २.६८ कोटी. तुमच्या हिशेबात आम्ही दिसत नाही, कारण टोपलीपर्यंत पोचण्याआधीच पान बंद करून निघून जातो. पुण्याचे ते गृहस्थ शेवटपर्यंत गेले आणि वर फोनही केला, हे त्यांचं मोठेपण.

—

वडाचीसावली

माझ्या बाबांचे हात थरथरतात. नजर चांगली, बुद्धी तल्लख, पण बारीक अधिक-उणे चिन्हांवर बोट टेकतच नाही, शेजारचं दाबलं जातं. वर सरकत राहणारा बॅनर असेल तर त्यांनी बोट टेकवेपर्यंत भलतंच चित्र समोर येतं. हे दोन बदल नक्की करा.

पायवाट यांना पुस्ती : २.२ मध्ये बटणाला किमान २४ बाय २४ पिक्सेल म्हटलंय, पण बाबांना तेवढं पुरत नाही. ४८ ठेवा. नगांच्या जागी आकडा टाइप करायची सोयही हवी.

—

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. विजेट घेणार नाही.

काल रात्री रुमाल टाकून बसले. माझंच दुकान, चार वर्षं रोज हाताळते, तरी मिरचीच्या पानावर पोचायला अकरा मिनिटं लागली. बॅनरपाशी दर काही सेकंदांनी आवाज तुटायचा आणि मी परत वर फेकली जायचे. वहिनी शेजारी बसून प्रत्येक अडलेली जागा वहीत लिहीत होती. दोन पानं भरली. पिनकोड टाकल्यावर ‘या भागात पोचवतो’ अशी खिडकी उघडते, तिच्यातून बाहेरच पडता येईना. बंद करायची फुली आहे, पण टॉकबॅकला ती सापडतच नाही. शेवटी रुमाल काढावा लागला. पुण्याच्या काकांना रुमाल काढायची सोय नाही, हे तेव्हा फार लागलं.

आज सकाळपासून आई आणि मी फोटोंचं वर्णन लिहितोय. आईला ते काम फार आवडलंय. साटांच्या फोटोखाली तिने ‘कडा किंचित काळसर, मधे मधासारखा रंग, बोटाने वाकते पण तुटत नाही’ असं सांगितलं. डोळ्यांनी बघून घेणाऱ्यालाही आम्ही हे कधी सांगितलं नव्हतं, म्हणून ते आता फोटोखाली सगळ्यांनाच दिसेल असं ठेवलंय. एकवीस वस्तू झाल्या, चौदा उरल्या. किमतींपुढे शब्द आले. बॅनर काढून टाकला. ‘फोन नको, मेसेज करा’ ही खूण उद्यापर्यंत येईल, आणि कुरियरवाल्याशी मी स्वतः बोलले आहे. मुलाला बटणं, लेबलं, भाषा आणि ती खिडकी अशी यादी दिली. कलम ४६ चं वाचल्यावर तो थोडा गप्प झाला, पण खरं सांगायचं तर वहिनीने त्याच्याच फोनवर रुमाल टाकून त्याला बसवलं, तेव्हा तो कामाला लागला.

दोन गोष्टी अजून अडलेल्या आहेत. पैसे भरायचं पान आमचं नाही, पेमेंट कंपनीचं आहे. तिथे ओटीपीची वेळ संपते आणि परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ते बदलून घेता येतं का, की कंपनीच बदलावी लागेल? तुमच्यापैकी स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना कोणत्या पद्धतीने पैसे भरणं सोपं जातं, यूपीआय की दुसरं काही?

आणि सगळं झाल्यावर ते न बघता वापरणाऱ्या दोन-तीन जणांकडून तपासून घ्यायचं आहे, रीतसर मेहनताना देऊन. नुसतं ‘जरा बघून सांगा’ असं मागणं मला बरं वाटत नाही. सांजवारा, तुम्ही वेळ द्याल का? किती द्यावेत तेही तुम्हीच सांगा. पुण्याच्या काकांनाही विचारलं. ते हो म्हणाले, पण आधी एक पाकीट मिरची स्वतः मागवून बघणार आहेत.