हन्नाचा धडा "मागा म्हणजे मूल मिळेल" एवढाच आहे का?

पहाटवारा (धागा सुरू करणारी)

गेल्या रविवारी चर्चमधला उपदेश हन्नावर होता. बायबलच्या जुन्या करारातलं १ शमुवेल हे पुस्तक, पहिला अध्याय. शेवटी पाळकांनी मूल नसलेल्या स्त्रियांना पुढे बोलावलं आणि म्हणाले, "हन्नासारखी प्रार्थना करा, पुढच्या वर्षी बाळ कडेवर घेऊन साक्ष द्यायला या." मी जागेवरून उठले नाही. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. हन्नासारखी प्रार्थना मला कुणी शिकवायला नको. ओठ हलतात पण आवाज फुटत नाही, अशा कितीतरी रात्री मी काढल्यात.

घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला. एलकानाच्या दोन बायका. पनिन्नाला मुलं आहेत, हन्नाला नाहीत. दरवर्षी शिलो इथल्या देवस्थानी यज्ञाला जायचं आणि दरवर्षी पनिन्नाने तिला डिवचायचं, इतकं की हन्नाला घास उतरत नसे. एका वर्षी ती उठते आणि परमेश्वरापुढे रडते. एली याजकाला वाटतं ही प्यालेली आहे. ती त्याला सांगते, मी प्यालेली नाही, मी परमेश्वरापुढे मन ओतत होते. मग अठरावं वचन येतं: ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही.

गर्भ राहिल्याचं येतं ते विसाव्या वचनात. म्हणजे जेवली तेव्हा पदरात काहीच पडलेलं नव्हतं. पनिन्ना तीच, घर तेच. माझ्या मते खरा धडा अठराव्या वचनात आहे, आणि आपण तिथे न थांबता थेट विसाव्यावर जातो. मग जिच्या आयुष्यात विसावं वचन येतच नाही, तिने काय समजायचं? आपल्याच विश्वासात खोट आहे असं? हे मला एका बहिणीने तोंडावर म्हटलेलं आहे.

दीपमाळ

ताई, तुमचं दुःख मी कमी लेखत नाही. पण मुद्दा पटला नाही. विसावं वचनही शास्त्रच आहे, ते झाकून कसं चालेल? हन्नाने स्वतः मुलाचं नाव शमुवेल ठेवलं आणि कारणही दिलं, की मी त्याला परमेश्वराजवळ मागून घेतलं. तिची साक्ष अर्ध्यावर तोडायचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय अठराव्याच्या आधी सतरावं वचन आहे. एली म्हणतो, शांतीने जा, इस्राएलाचा देव तुझं मागणं पुरवो. ती जेवली ती याजकाच्या तोंडून शब्द मिळाला म्हणून. तिने त्या शब्दावर विश्वास ठेवला, हाच धडा. माझी मुलगी सात वर्षांच्या प्रार्थनेनंतर झाली. ती साक्ष मी गिळून टाकू का?

पहाटवारा

मुळीच गिळू नका. तुमच्या मुलीबद्दल मला मनापासून आनंद आहे. पण सतरावं वचन नीट वाचा. एलीने हन्नाला विचारलंच नाही की बाई, तुला हवंय काय? त्या मागण्यात मूल आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. तो आशीर्वाद होता, हमी नव्हती.

आणि प्रेषित पौलाचं काय? शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी पडला असं आजवर एकाही उपदेशात ऐकलं नाही. मग हे फक्त बायकांनाच का ऐकावं लागतं?

दीपमाळ

पौलाला निदान स्पष्ट उत्तर मिळालं. ज्यांना अजून उत्तर आलेलं नाही, त्यांनी मागणं सोडावं असं तुम्ही सुचवताय का? हन्नाने वर्षानुवर्षं शिलोची वाट सोडली नाही. मला भीती वाटते की तुमच्या अर्थाने लोक अपेक्षाच ठेवणार नाहीत.

जुना सेवक

बरीच वर्षं रविवारच्या शाळेत हा धडा शिकवला आहे, म्हणून थोडं लांबवतो. दोघी मुलाजवळच थांबल्या आहात. पुढचा भाग पाहा. हन्नाने नवस केला होता की मुलगा दिलास तर त्याला आयुष्यभर तुलाच वाहीन. बायबलच्या गणना या पुस्तकातल्या तिसाव्या अध्यायाप्रमाणे पत्नीचा नवस रद्द करण्याचा हक्क नवऱ्याला होता. एलकाना तो वापरत नाही, तुला बरं वाटेल ते कर म्हणतो. दूध तुटल्यावर ती मुलाला शिलोला नेऊन सोडते, तेही एलीच्या घरी, जिथे त्याची मुलं हफनी आणि फिनहास लोकांच्या यज्ञाचं मांस बळकावत होती. मग दरवर्षी एक लहानसा झगा शिवून नेते. दरवर्षी माप वाढत गेलं असेल. शास्त्रात हे एकाच ओळीत आहे, पण मला त्या ओळीपाशी नेहमी थांबावं लागतं.

आणखी एक. दुसऱ्या अध्यायातल्या तिच्या गीतात वांझेला सात मुलं झाल्याचं म्हटलं आहे. हन्नाला स्वतःला शमुवेल धरून सहाच झाली, पुढे तीन मुलगे आणि दोन मुली. म्हणजे ते गीत तिच्या घरातल्या मुलांचा हिशेब नाही. ती बलवानांची धनुष्यं मोडल्याचं आणि भुकेल्यांची भूक भागल्याचं गाते. तोच सूर पुढे लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरीया हिच्या गीतात ऐकू येतो. हन्नाला "मूल मिळालेली बाई" एवढंच म्हणणं मला फार अपुरं वाटतं.

सावली

सेवक काका, तुमचा आदर राखून सांगते, मला तो भाग कधीच गोड वाटला नाही. नुकतं दूध तुटलेलं लेकरू दुसऱ्याच्या दारी सोडणं आयांपुढे आदर्श म्हणून ठेवू नये. सेवेसाठी घर आणि मुलं दुर्लक्षित ठेवणाऱ्यांनी हाच दाखला दिलेला मी ऐकला आहे.

जुना सेवक

तसा वापर होत असेल तर तो चूकच. हन्नाने आपला नवस फेडला, दुसऱ्या कुणावर तो लादला नाही. मुलाला ती विसरलीही नाही, तो झगाच त्याची खूण आहे.

एक नवरा

थोडक्यात लिहितो. एलकाना म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का? मीही बायकोला हेच म्हणालो होतो, प्रेमानेच. ती गप्प झाली. हन्नानेही त्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. तिच्या दुःखापुढे मी स्वतःलाच उभं केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

दीपमाळ

पहाटवारा ताई, विसावं वचन मी सोडणार नाही, त्यावर मी ठाम आहे. पण एलीबद्दल दिवसभर विचार करत होते. रडणाऱ्या बाईला त्याने न विचारता दारूडी ठरवलं. "तुझा विश्वास कमी" असं म्हणणारेही तेच करतात. आणि खरं सांगायचं तर, एकदा मीही एकीला असं म्हटलं आहे.

पहाटवारा

हे लिहिल्याबद्दल आभार. निदान एलीने चूक कळल्यावर तिला शांतीने जा म्हटलं. तुम्ही त्या बहिणीशी बोलाल का? ती कदाचित अजून त्या वाक्याशी झगडत असेल. पाळकांशी मी या आठवड्यात बोलणार आहे. पुढच्या वेळी पुढे बोलावण्याआधी त्यांनी अठरावं वचन मोठ्याने वाचावं, एवढंच मागणार आहे.