सल्ला हवा: मिरजेत १५० जणांचं शिबिर, कागदी कप-बाटल्या-फ्लेक्स नकोत

कृष्णाकाठ: आमच्या आरोग्य संस्थेचं आशाताईंसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण आहे, त्याला जोडून रक्तदाब-साखर तपासणी. मंगल कार्यालय ठरलंय. दोन चहा, एक जेवण. सुरुवात कुठून करू? आणि तपासणीच्या कचऱ्याचं काय?

पितळी_तांब्या: चहापासून करा, खरा घोळ तिथंच होतो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळं तो धड खतात कुजत नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. मंडपवाल्याकडून स्टीलचे छोटे पेले भाड्यानं घ्या, १७५ सांगा. चहा सुटला की सगळे एकदमच येतात. १०० पेल्यांत भागवायला गेलात तर कुणीतरी उत्साही कार्यकर्ता दुकानातून कागदी कपांची लड घेऊन येतोच.

धुवायला तीन टब लागतील. पहिल्यात नुसतं पाणी (साय-पत्ती इथंच निघाली पाहिजे), दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात कढत पाणी. मग जाळीच्या क्रेटमध्ये पालथे घाला, फडक्यानं पुसू नका. पहिला टब दर ५०-६० पेल्यांनी बदला. धुवायला दोन माणसं वेगळी ठरवा. वाढप्यांवर ढकललंत की दुसऱ्या चहाला पेले चिकट.

पाणी माणशी दीड लिटर, म्हणजे २० लिटरचे १२ जार. एप्रिल-मे असेल तर १५.

माणदेशी: ताटंही स्टीलचीच घ्या, मिरजेत नळाला पाणी आहे म्हणून. हेच शिबिर उन्हाळ्यात जत-आटपाडीकडं टँकरच्या पाण्यावर असतं तर मी पत्रावळीच सांगितल्या असत्या. चंदेरी चकाकीच्या द्रोणांना मात्र पत्रावळ समजू नका.

नमुना_नळी: कचऱ्याचं आधी बघा, पेले नंतर. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम शिबिरांनाही लागू आहेत. साखर तपासणीच्या प्रत्येक टेबलाला हाताशी पांढरा, टोचून भोक न पडणारा डबा हवा: लॅन्सेट (बोट टोचायची बारीक सुई), सुया त्यातच. तीन चतुर्थांश भरला की बंद करा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. कोरी वेष्टनं आणि खोकी सुक्या कचऱ्यात. ती पिवळ्यात गेली तर उगाच जाळली जातात. सगळ्यात वाईट म्हणजे लॅन्सेट घंटागाडीत जाणं, कारण ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात घुसते. हा कचरा ४८ तासांच्या आत प्रक्रिया केंद्राच्या गाडीत गेला पाहिजे. तुमच्याकडं ती गाडी येत नसेल तर जिथं येते त्या रुग्णालयाशी आत्ताच बोलून ठेवा, शिबिराच्या संध्याकाळी नको.

कृष्णाकाठ: हे डोक्यातच नव्हतं. आणि फ्लेक्स? साहेबांना फोटोत मागं नाव लागतं!

पितळी_तांब्या: मांजरपाटावर रंगवून घ्या. त्यावर फक्त संस्थेचं नाव आणि चिन्ह. विषय आणि तारीख वेगळ्या पट्टीवर, नाड्यांनी खाली बांधायची. मग पुढच्या शिबिराला फक्त पट्टी बदलते. वर-खाली काठी जाईल एवढी नेफ्यासारखी पट्टी शिवा, नाहीतर कापड मधे झोळ खातं आणि फोटोत निम्मं नाव वाचता येत नाही. थर्माकोलची अक्षरं कुणी सुचवलीच तर सांगा, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

कृष्णाकाठ: काठी बांबूची चालेल का?

माणदेशी: चालेल की. वरची जाड घ्या, खालची वजनाला पुरेल एवढी. गाठी तासून घ्या, कापड अडकतं.