पाचवीची परीक्षा द्यायची का? (मुलगी घरीच शिकते)

गोदाकाठची
आम्ही नाशिकला असतो. मुलगी साडेदहा वर्षांची, मुलगा सात. दोघंही कधी शाळेत गेलेले नाहीत. सकाळी ती दीडेक तास गणित-मराठी करते. पुस्तकं बालभारतीचीच, पण धडे मनाला येतील तसे. तोवर धाकटा पेन्सिल शोधतो, मग रबर, मग पाणी प्यायला जातो. दुपारी बिल्डिंग ओस. पाचला शाळेच्या व्हॅन येईपर्यंत खेळायला चिटपाखरू नाही. म्हणून मग सार्वजनिक वाचनालय, बाजार, आजोबांबरोबर बँक. दळणाचा हिशोब मुलगीच ठेवते. मागच्या महिन्यात तिनं गिरणीवाल्याची चूक काढली, तेव्हापासून तो आमच्याशी धड बोलत नाही.

आता मुद्दा. मे महिन्यात मामेबहिणीनं प्रगतिपुस्तक दाखवलं आणि हिचं सुरू झालं, "मला पण निकाल पाहिजे." राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा असते, १० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे ही बसू शकते. नवरा म्हणतो, परीक्षा आली की वेळापत्रक येणार, मागोमाग क्लास, मग शाळेनं काय घोडं मारलं होतं? मला वाटतं द्यावी. तत्त्वं सांभाळणं त्याला परवडतं, दुपारचं "आई, आता काय करू" त्याच्या कानावर पडत नाही.

खडूडस्टर
ताई, मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, २२ वर्षं झाली. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, तेव्हा मी वीटभट्टीवर होतो. मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावत होतो. एक पोर भावाला कडेवर घेऊन विचारत होती, "गुरुजी, उद्यापासून येऊ का?" त्यामुळे चालत्या अंतरावर शाळा असून मूल घरी ठेवलेलं मला पटणार नाही, आधीच सांगतो.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० वाचा. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य आहे. कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलीलाही वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं. परीक्षेचं सोडा, थेट प्रवेश घ्या. न आवडणाऱ्या मुलीशेजारी वर्षभर बसायचं कसं, हे घरी कोण शिकवणार?

तिखटजाळ
आमच्या भाच्याला शाळेत वर्षभर एका दांडगोबाशेजारीच बसवलं होतं. शिकला एवढंच, की पोट दुखतंय म्हणायचं.

सायीचं दही
मी तीन वर्षं घरी शिकवलं आणि चौथ्या वर्षी मुलाला शाळेत घातलं. तो मजेत होता हो. घातला तो माझ्यासाठी. चार वेळा खायला, दोनदा भांडण, "आज काय शिकवलंस" म्हणून सासूबाईंची रोजची तपासणी, आणि रात्री नवरा फेसबुकवर "आमचा घरशिक्षणाचा प्रवास" लिहिणार. त्याचे सहाशे लाइक, माझी पाठदुखी. यजमानांना एक आठवडा रजा घ्यायला सांगा, मग परीक्षेचं ठरवा.

तिखटजाळ
"आमचा प्रवास" 😂

शेवग्याची शेंग
मी स्वतः घरी शिकलो, आता नोकरी करतो. आधी व्यवहाराचं: पाचवीचा कागद पुढे लागेलच असं नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दहावीला १४ वर्षं पूर्ण असलेल्यांना घेते, आधीची इयत्ता पास असल्याचा कागद नसला तरी स्वयंघोषणा चालते. १७ नंबरच्या फॉर्मच्या (राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायचा अर्ज) नादी मात्र लागू नका. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जी शाळा धरलीच नाही, ती सोडल्याचा दाखला आणणार कुठून?

तरीही मी म्हणेन, परीक्षा द्या. माझी पहिली लेखी परीक्षा थेट दहावीची. उत्तरं येत होती, पण शेवटच्या तासाला हात चालेना. भूगोलाचे दोन प्रश्न येत असून सुटले. घरी सगळं तोंडी चालायचं आणि आईला माझं अर्धं वाक्यही कळायचं. परक्या माणसाला कळेल असं पूर्ण लिहायची सवयच नव्हती.

गोदाकाठची
खडूडस्टर, कलम १० वाचलंय. घरी शिकवण्याबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही, परवानगीही नाही आणि पालकाला दंडही नाही. त्या अधांतरी जागेत आम्ही राहतो, रोज थोडी धाकधूक असतेच. वीटभट्टीवरच्या मुलीपुढे आमची निवड चैनीची दिसते, तेही मान्य. पण आमच्या दोघांना घरी ठेवल्यानं तिची जागा अडलेली नाही.

सायीचं दही, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. रजा नाही, पण गुरुवारची सुट्टी मुलांकडे लावून घेतलीय. पहिल्या गुरुवारी दुपारी तीनला त्याचा फोन आला, "हे आता काय करू म्हणताहेत."

शेंगदादा, हात दुखण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. काल हिला एक पान लिहायला बसवलं. सात ओळींत पेन्सिल खाली. अर्ज भरतोय.

खडूडस्टर
मत बदललेलं नाही. पण अर्ज भरताच आहात तर रोज एक पान शुद्धलेखन घ्या, पेनानं, घड्याळ लावून. आणि लिहिताना बोलू देऊ नका, घरची मुलं फार बोलतात.