हॅटला चिमटा आहे म्हणून ती ओपन क्राउन नाही?
माथ्याला पुढून चिमटा (दोन्ही बाजूंनी दाबून पाडलेला खळगा) काढलेली फेडोरा, म्हणजे काठवाली फेल्ट हॅट, ओपन क्राउन नसतेच, असं मत काही जण मांडतात; ते पटलं नाही. ओपन क्राउन हॅट कारखान्यातून गोल माथ्याची निघायची; खाच आणि चिमटे दुकानदार किंवा गिऱ्हाईक वाफेवर हाताने पाडायचं. त्यामुळे नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. हॅट किटलीच्या वाफेवर धरून आतून हलकेच दाबा. माथा घुमटासारखा वर आला तर शंका मिटली. साच्यात दाबून घडवलेल्या हॅटची घडी सहसा पुरती जात नाही.

अमेरिकन हॅट असेल तर आतली चामड्याची पट्टी उलटून हॅट कामगारांच्या युनियनचं कागदी लेबल शोधा. त्यावर 'हॅटर्स'सोबत 'कॅप अँड मिलिनरी वर्कर्स' (टोप्या आणि बायकांच्या हॅट बनवणारे कामगार) असेल तर हॅट 1934 नंतरची, कारण दोन्ही संघटना त्या वर्षी एक झाल्या. लेबल ठिसूळ असतं, ओढू नका.