पूर ओसरल्यावरची मदत: तुमच्याकडे काय आलं, काय राहिलं? (अनुभव धागा)

कृष्णाकाठची
काल माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली, तळाशी जुनं रेशनकार्ड सापडलं. प्लास्टिकच्या पिशवीत होतं तरी आत गाळाचा पातळ थर वाळून बसलाय, नखानं खरवडला तर भुगा पडला, आणि एकदम २०१९ चा ऑगस्टच नाकात आला. आम्ही सांगलीचे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेलेली, आमचा तळमजला पूर्ण पाण्यात. परत आलो तेव्हा दारच उघडेना, आतून गादी फुगून दाराला लागलेली.

तेव्हा ग्रामीणला १० हजार आणि शहराला १५ हजार जाहीर झाले, त्यातले ५ रोख, बाकी खात्यात. ते ५ हजार हातात आले त्या दिवशी मी पहिलं काय घेतलं तर खराटे, फिनेल आणि सासूबाईंना चप्पल. खरंच सांगते, त्या दिवशी त्या पैशाची किंमत ५० हजारांएवढी होती. पण आमच्या घरात चुली दोन, मोठे दीर वर आणि आम्ही खाली, रेशनकार्ड मात्र एकच, सासऱ्यांच्या नावचं. म्हणून कुटुंब एकच धरलं. वर पाणी गेलंच नव्हतं, खाली सगळं गेलं, आणि पैसे आले सासऱ्यांच्या खात्यात. पुढचं घराघरात जे होतं तेच आमच्याकडे झालं. दोन वर्षं जावेशी नीट बोलणं नव्हतं. पाणी आठवड्यात ओसरलं, हे नाही ओसरलं.

पंचनाम्याला आलेली तलाठी मुलगी पंचविशीची असेल. तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. विचारलं तर म्हणाली, ताई माझं पण घर पाण्यातच आहे, अजून बघायला गेले नाही. मी तिला चहासुद्धा देऊ शकले नाही, गॅसच नव्हता.

तुम्हीही लिहा. मदत मिळाली असेल तर तेही लिहा.

वाशिष्ठी
चिपळूण, २२ जुलै २०२१. माझं टेलरिंगचं दुकान, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. ३ मशिनी, १ पिको, आणि रॅकवर गिऱ्हाइकांची कापडं, श्रावणात लग्नं नसतात तरी मंगळागौरीचे ब्लाऊज बरेच होते. दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार असं होतं. परवाना हवा, मतदार यादीत नाव, रेशनकार्ड. माझ्याकडे तिन्ही होतं नशिबानं. शेजारचा चावीवाला भाड्याच्या जागेत, परवाना नाही, त्याची टपरी म्हणून धरली गेली, १० हजार.

पण गिऱ्हाइकांचे कपडे कशात मोजणार? ते माझे नव्हतेच ना. एकीची आईची पैठणी होती, फॉल लावायला दिलेली. चिखलातून काढली तेव्हा काठाची जर काळी पडलेली. पंचनाम्यात मी लिहा म्हटलं तर ते साहेब थांबले, पेन तसंच धरून, मग म्हणाले वहिनी याला रकानाच नाहीये.

आईची_सोनू
वाशिष्ठी, माझं माहेर चिपळूणचंच!! कुठल्या बाजूला दुकान? आमचं घर शिव नदीच्या अंगाला. २००५ ला पण पाणी आलेलं तेव्हा वडिलांनी भिंतीवर खूण करून ठेवलेली, २०२१ ला ती खूण पाण्याच्या खूप खाली गेली. पैठणीचं पुढे काय झालं?

सुपारीवाला
आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात. निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०. आधीच लॉकडाऊन, त्यात वादळ, मग कित्येक दिवस लाईट नाही, मोबाईल चार्ज करायला लोक गाडीच्या बॅटरीवर रांग लावायचे. बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, पेपरात वाचताना मोठे वाटतात. आता हिशोब करा, हेक्टर म्हणजे १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. कोकणात वाडी असते ५-१० गुंठ्यांची. ५ गुंठ्याला अडीच हजार. पडलेलं एक माड तोडून बाहेर काढायलाच कटरवाला किती घेतो ते विचारा, आणि सुपारी परत लावली तर पीक धरायला ६-७ वर्षं. आजोबांनी लावलेली रोठा सुपारी होती, दाट, दुपारी पण वाडीत काळोख असायचा. त्या सकाळी वाडीत उभा राहिलो तर सरळ समुद्र दिसला. आमच्या वाडीतून समुद्र कधी दिसत नसे.

आणि सातबारा सामाईक. १४ नावं, त्यातली ९ मुंबईला, २ हयात नाहीत. प्रत्येकाचं संमतीपत्र आणा. लॉकडाऊनमध्ये कसं आणणार? काका व्हॉट्सअॅपवर सही करून फोटो पाठवायचे, तो चालायचा नाही. झाडावर भरपाई द्या ही मागणी तेव्हा सगळ्या वाड्यांतून होती ती यासाठीच. वाडी क्षेत्रावर मोजायची गोष्टच नाही, झाडावर मोजायची आहे.

मी_पण_गावचा
१४ नावं म्हणजे कमीच की, आमच्याकडे २७ आहेत

सीनाकाठ
लिहायला उशीर झाला, म्हशीची धार काढून आलो. आमचं गेल्या वर्षीचंच हाय, सप्टेंबर २०२५, सीना नदीचं पाणी. सोयाबीन काढायला आठ दिवस राहिलते. पीक गेलं ते गेलं पण माती गेली ओ. खाली मुरूम उघडा पडला. पीक पुढल्या साली येतंय, माती कुठून आणायची? खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखापर्यंत रोजगार हमीतून असं पॅकेजात होतं, गाळानं भरलेल्या विहिरीला ३० हजार, दुभत्या जनावराला साडेसदतीस हजार. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८५००, बी-खताला वेगळे हेक्टरी १० हजार. दिवाळीच्या आधी थोडे आले हे खरं हाय, नाही म्हनत नाही. त्याच पैशात ज्वारीचं बी घेतलं.

पण वडलांचा अंगठाच लागंना. ई-केवायसीला सेवा केंद्रात ४ चकरा. सत्तर वर्षं खुरपं धरलेला हात, रेघा राहिल्यात कुठं. मशीन म्हणतंय जुळत नाही. मग डोळ्याचं मशीन दुसऱ्या गावात होतं तिकडं गाडीवर घेऊन गेलो, तिथं जमलं. बाहेर आल्यावर म्हातारं म्हणलं, माझा हात गेला का रे कामातून. मला लई वाईट वाटलं.

आन एक, गाय गोठ्यात मेली तर पंचनामा होतो, फोटो, कानातला बिल्ला बघतेत. वाहून गेली तर काय दाखवायचं? आमच्या चुलत्याची गेली तशी. रिकामं दावं दाखवलं त्यानं.

कृष्णाकाठची
सीनाकाठ दादा, वाचून पोटात तुटलं. वडिलांना नमस्कार सांगा.

पंचनामेवाला
मी ग्रामसेवक होतो, आता निवृत्त. दुसऱ्या बाजूनं लिहितो. आम्हाला वर्तमानपत्रातला आकडा लोकांआधी कळत नाही. आकडा जाहीर होतो संध्याकाळी, लोक दारात सकाळी, आणि जीआर, म्हणजे लेखी शासन निर्णय, यायला काही दिवस जातात, त्यात अटी असतात. २०१९ लाच पूरग्रस्तांना मोफत धान्याच्या जीआरमध्ये घर २ दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट होती, किती संताप झाला आठवत असेल. आता ती अट कुणी कशी मोजायची? पाणी दीड दिवस होतं का दोन, हे भिंत सांगत नाही. घराच्या पडझडीचंही तसंच, कमीत कमी १५ टक्के लागते. भिंत चिरली तर १२ का १५? मी टेप घेऊन उभा असायचो, समोर घरातली बाई लहान मूल कडेवर घेऊन माझ्याकडे बघत. मी १५ लिहायचो. लिहिलंय मी. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

सरसकट द्या असं सगळे म्हणतात, मलाही पटतं, निदान पहिला हप्ता तरी. गाळ सगळ्यांच्या घरात सारखाच असतो. बारकाईची मोजणी मागाहून करता येते.

वाशिष्ठी
पंचनामेवाले काका, आमच्याकडे आलेले ते साहेब पण तुमच्यासारखेच असणार. रागावले होते मी तेव्हा त्यांच्यावर, उगीच.

ह्यूस्टनकर
मी अमेरिकेत, ह्यूस्टनला. २०१७, हार्वे चक्रीवादळ, घरात पाणी. इथं सरकारी मदतीचा अर्ज फोनवर होतो, इन्स्पेक्टर घरी येऊन बघून जातो, ऐकायला फार सोपं. मग पत्र आलं, अपात्र. मी तर रडले, नवऱ्यानं पत्र बाजूला ठेवून दिलं. शेजारच्या आजींनी दुसरं पान वाचायला लावलं, तिथं लिहिलेलं की विमा कंपनीचं पत्र जोडा आणि ६० दिवसांत अपील करा. बेसिक कागद राहिला होता. जोडला, पुढे काही रक्कम आली. ज्यांना इंग्रजी पत्र वाचता येत नाही त्यांचं काय होत असेल असं तेव्हापासून मनात येतं. सांगलीत मामा आहे माझा, २०१९ ला त्याला पण हेच सांगत होते की नाकारलं तरी कागद फेकू नका, कारण विचारा आणि लेखी मागा.

आईची_सोनू
हे खूप कामाचं. आमच्याकडे यादी ग्रामपंचायतीत लागते, ती बघायलाच कुणी जात नाही, मग नावापुढचा खाते नंबर चुकलेला असतो आणि पैसे परत जातात. यादी लागली की आपापला नंबर बोट ठेवून तपासा. आणि पैठणी??

वाशिष्ठी
अगं हो, पोळ्या करत होते. पैठणी मी तीनदा धुतली, रिठ्यानं. जरीची चमक परत नाही आली. त्या बाईंना फोन करायला महिना लावला मी. आल्या, हातात घेतली, म्हणाल्या काठ कापून पिशवी शिवून दे, आईचं काहीतरी राहील. शिवून दिली. शिलाई घेतली नाही. अजून भाजीला तीच घेऊन येतात.

सुपारीवाला
कृष्णाकाठची, रेशनकार्ड विभक्त करून घेतलंत का पुढे? नसेल तर आत्ताच करा, पावसाळा तोंडावर आहे.

कृष्णाकाठची
केलं, २०२० ला. सासूबाई महिनाभर जेवायला खाली आल्या नाहीत, घर मोडलंस म्हणाल्या. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा दोन्ही चुलींची वेगळी नोंद झाली. सामान वर हलवताना जाऊबाईच पहिली खाली आली, ट्रंकेचं एक कडं तिनं धरलं, एक मी. तीच ही ट्रंक. कार्ड सुकवून परत तिच्यातच ठेवलंय.