शब्द हवा: ‘व्हाइट क्रेन’ला मराठीत काय म्हणायचं?

दीड वर्ष झालं, दर रविवारी सकाळी चायनीज मार्शल आर्टच्या क्लासला जातोय, स्टाइल व्हाइट क्रेन, चीनच्या फुजियान प्रांतातल्या योंगछुन गावाकडची. सर म्हणाले बाहेरच्या बोर्डासाठी मराठीत नाव सुचव, मी बिनधास्त ‘पांढरा बगळा शैली’ लिहून दिलं आणि सगळा क्लास फुटला, एक जण तर एका पायावर उभा राहून डोळे मिटून मासा धरायची अ‍ॅक्टिंग करत होता. क्रेन म्हणजे बगळाच ना? चुकलं कुठे?

पाणथळ: नाही हो, बगळा वेगळा. उडताना बघा, बगळा मान दुमडून घेतो, क्रेनची मान सरळ पुढे ताणलेली असते. क्रेन म्हणजे क्रौंच, सारस, कांड्या करकोचा हे सगळे. सारस बघायचा तर गोंदियाकडे भाताच्या बांध्यांवर जा.

जुनीवही: शिवाय मराठीत बगळा बदनाम आहे. बकध्यान म्हटलं की ढोंगीच आठवतो. क्रौंच घ्या, महाभारतात क्रौंचव्यूह आहेच, म्हणजे लढाईशी नातं आयतं मिळालं.

चहाबाज: मी चिनी शिकतेय म्हणून सांगते, मूळ शब्द ‘बाय हऽ छ्वेन’. बाय पांढरा, हऽ म्हणजे क्रेन, छ्वेन म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्धाची शैली. बगळ्याला त्यांच्याकडे वेगळाच शब्द आहे, ‘लू’. त्यामुळे क्रौंचच. आणि हो, हे योंगछुन आणि विंग चुन नावाची दुसरी मार्शल आर्ट शैली एक समजू नका, मँडरिनमध्ये दोन्हींचा उच्चार सारखाच पण पहिलं अक्षर वेगळं.

पाणथळ: पण गंमत अशी की फुजियानमध्ये बगळे भरपूर, तिथल्या शियामेनला तर बगळ्यांचं बेट म्हणतात. मग ही शैली ज्यांनी काढली म्हणतात त्या बाईंनी नक्की कोणता पक्षी बघितला कुणास ठाऊक 😄

त्या बाई म्हणजे फांग छीन्यांग, छी म्हणजे सात बरं का. दंतकथा सतराव्या शतकातली सांगतात, अंगणात आलेल्या क्रौंचाला ती काठीने हाकलायला गेली तर तो प्रत्येक वार चुकवून पंखाने काठी बाजूला सारायचा, चोचीने टोचायचा. खरं-खोटं सोडा, पण सर हात धरून शिकवतात तेव्हा तेच दिसतं, पाचही बोटांची टोकं एकत्र जुळवून चोच करायची, मनगट सैल, आणि सारखं एकच, ‘खांदे सोड रे’. आणि म्हणूनच मला छ्वेनवरून ‘क्रौंचमुष्टी’ करणं पटत नाही, निम्मा वेळ मूठ वळलेलीच नसते. क्रौंचशैली?

जुनीवही: क्रौंचशैली चांगलं आहे. छ्वेनचं शब्दशः नको.

कराटेवाला: आमच्या कराटेतल्या गोजू-र्‍यूचं मूळ पण तिकडचंच धरतात. जपानमधल्या ओकिनावाचे हिगाओन्ना कानर्‍यो फुजियानमधल्या फुझोउला जाऊन शिकून आले, आमची शैली उभी करणारे मियागी चोजुन त्यांचे शिष्य. आम्ही करतो ती सानचिन कवायत, फुजियानच्या बोलीत साम-चिएन, तीन लढाया. तुमच्याकडे पण असेलच.

आहे ना, पायाची बोटं आत वळवून अंग घट्ट धरून श्वास, तीन मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. बरं अजून एक, या शैलीच्या शाखा आहेत, उडता क्रौंच, खाणारा, झोपलेला, आणि चौथ्याला इंग्रजीत ‘क्राइंग क्रेन’ म्हणतात. ‘रडणारा क्रौंच’ लिहू?

चहाबाज: अजिबात नको!! मूळ शब्द ‘मिंग’, पक्ष्याचं ओरडणं. रडण्याचा काही संबंध नाही, ‘साद घालणारा’ करा.

जुनीवही: नुसतं ‘कूजणारा’ नको मात्र, क्रेनचा आवाज कर्ण्यासारखा असतो.

बरं, अपडेट. बोर्ड लागला. रंगवणाऱ्याने ‘क्रंच शैली’ लिहिलंय. सरांना मराठी वाचता येत नाही, ते खूश आहेत.