मदत हवी आहे : वाढत्या पटासाठी वर्गखोल्या किती मागायच्या?

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते पाचवी. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. कंपन्यांमुळे भाडेकरू वाढले, पट 84 वरून 170 वर गेला. खोल्या मात्र तीनच. दुसरीचा वर्ग व्हरांड्यात भरतो. पाऊस तिरका आला की पोरं दप्तरं पोटाशी धरून भिंतीला चिकटतात.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषांनुसार 121 ते 200 मुलांना पाच शिक्षक आणि दर शिक्षकामागे एक खोली, म्हणजे दोनच वाढीव मिळतील. त्या बांधून होईपर्यंत पट कुठे गेलेला असेल! बरं, भाडेकरू अकरा महिन्यांनी घर बदलतात, त्यामुळे नुसत्या अंगणवाडीच्या नोंदींवरही भरवसा नाही.

पुढच्या पाच वर्षांचा पट पटेल असा कागदावर कसा मांडायचा? कुणी असा प्रस्ताव मंजूर करून घेतलाय का? आणि तीनपैकी जुन्या कौलारू खोलीचं निर्लेखन (वापरातून बाद करून पाडायची सरकारी प्रक्रिया) नव्या खोल्यांच्या आधी करावं की नंतर? आधी पाडली तर आहे ती खोलीही जाईल, ही धास्ती आहे. वर मजला चढवायचा तर पाया तपासणी कुणाकडून करून घेतलीत, तेही सांगा.